तो सलाम नव्हता

पौष लागला की आमच्या क्रांती चौकाजवळच्या फ्लॅटमध्येही हुरडा येतो. प्लॅस्टिकच्या डब्यातून येतो. मुलगा सुट्टीच्या दिवशी कुठल्याशा हुरडा पार्टीला जातो. तिथं म्हणे उंटावर बसवतात, जादूचे प्रयोग दाखवतात आणि मधे कधीतरी हुरडाही देतात. येताना तो माझ्यासाठी डबा भरून आणतो. "बाबा, खाऊन घ्या, गार झालाय जरा." गार हुरडा आणि परक्याच्या लग्नाचा अल्बम, दोन्ही समोर आले की 'वा, छान' म्हणायचं आणि हळूच बाजूला सारायचं. सूनबाईंना वाटतं, मला तो चावत नाही. दात ठणठणीत आहेत, गेल्या वर्षीच नवे बसवलेत. अडचण दातांची नाही, हातांची आहे. दाणे तळव्यावर आले की मला माझे पन्नास वर्षांपूर्वीचे दोन्ही हात दिसतात, आणि काखेत दाबलेलं एक पिवळं निशाण.

यंदा डबा उघडला आणि फोन वाजला. विशालचा. विशाल हा आमच्या फुटबॉल क्लबचा आताचा सेक्रेटरी. बजाजनगरला राहतो, वाळूजच्या कारखान्यात पाळी करतो आणि पाळी सुटली की क्लब चालवतो.

"काका, क्लबला पन्नास वर्षं झाली. मोठा कार्यक्रम लावलाय. तुम्ही लिहिलेला इतिहास परत छापतोय. आन आपले जुने गोलकीपर खानसाब, त्यांना स्टेजवर बोलावतोय."

"चांगलं आहे की."

"ऐका तर. पाहुणे आले की खानसाब उभं राहून सलाम ठोकणार, आन तेवढ्यात मागून एकजण बॉल घालणार त्यांच्या बाजूनं. तोच गोल! लोक लई हसतील बघा. तुमच्या इतिहासात लिहिलंय तसंच्या तसं."

"खानसाब व्हय म्हणाले?"

"म्हणतील की. सत्कार कोण सोडतंय, काका?"

मी डब्याचं झाकण लावलं. तो सलाम कधी झालाच नव्हता. तो मी रचला होता. क्लबचा हजेरी कारकून, सेक्रेटरी, इतिहासकार आणि त्या दिवशीचा लाइन्समन, अशा चारही नात्यांनी त्याची जबाबदारी माझी एकट्याची. कार्यक्रमाला आठ दिवस होते. ऐंशीला टेकलेल्या एका माणसाला माझी थाप भर मंचावर स्वतःच्या अंगानं करून दाखवायला लावणार होते, आणि ते थांबवू शकेल असा दुसरा माणूस आता जिवंत नव्हता. म्हणून हा लेख. तो जुन्या इतिहासाच्या जागी छापावा, शेजारी नव्हे.

जुन्या इतिहासात पहिलंच वाक्य आहे: 'शेठजींच्या निस्सीम क्रीडाप्रेमातून या क्लबचा उगम झाला.' खोटं. शेठजींना फुटबॉलचं प्रेम नव्हतं. त्यांना जालन्याचा राग होता. आमचे शेठजी कापसाच्या जिनिंगचे मालक. पोलिस अ‍ॅक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन सात-आठ वर्षं लोटली होती, नव्या राज्यात सगळे आपापली खुर्ची कुठं मांडायची ते बघत होते. शेठजी एकदा जालन्याच्या एका जिनवाल्याकडं जेवायला गेले. जेवण झाल्यावर त्या गृहस्थानं टाळी वाजवली, तर एकाच रंगाचे बनियन घातलेले अकरा जवान पळत आले आणि ओळीनं पाया पडले. "ही आपली फुटबॉलची टीम." शेठजी परत आले. दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "मुनशी, आपल्यालाही अकरा पाहिजेत. त्यांच्याहून उंच." शेठजींना बिचाऱ्यांना बराच काळ असंच वाटत होतं, की फुटबॉल हा मुख्यतः पाया पडण्याचा खेळ आहे.

जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. क्लबही तेवढाच. कापसाच्या गाड्या लागल्या की खेळाडू यायचे, शेवटची गाठ बांधली की आपापल्या गावी. आजच्या भाषेत बोलायचं तर व्यावसायिक क्लब. खेळण्यासाठीच माणसं ठेवलेली. पण स्पर्धेचा नियम असा, की खेळाडू कारखान्याचे कामगारच हवेत. म्हणून हजेरीच्या पुस्तकात मी प्रत्येकाला काही ना काही काम दिलं. सेंटर फॉरवर्ड 'सरकी मुकादम'. दोन्ही बॅक 'फाटक दुरुस्ती'. गोलकीपरचं काय करावं सुचेना, तेव्हा मी एक नवीनच हुद्दा काढला: 'गाठ झेलणारा.'

एकदा सरकारी तपासनीस आले. पुस्तकावर बोट ठेवून म्हणाले, "रुईची एक गाठ किती वजनाची असते?"

"चार माणसांनी उचलावी लागते, साहेब."

"आणि ती हा एकटा झेलतो?"

"झेलायची वेळ अजून आली नाही, साहेब."

त्यांनी खानसाबांकडं वर-खाली पाहिलं, सहा फूट उंच, छाती दारासारखी, आणि पुढचं पान उलटलं.

त्या हंगामाचा वास अजून नाकात आहे. सरकीचा तेलकट, गोडसर वास, त्यात गाड्यांच्या बैलांचा, वंगणाचा. हवेत सतत कापसाचं तुसार उडत असायचं. ते केसांत, मिशांत, भुवयांत बसायचं. संध्याकाळी सरावाला उतरेपर्यंत पंचविशीतली आमची सगळी टीम म्हातारी दिसायची. घरी गेल्यावर हातानं झटकलं की परत तरुण. आता झटकून काही उपयोग होत नाही.

सराव जिनिंगच्या मागच्या आवारात. एका गोलला जाळी नव्हती, मागं सरकीचा ढीग होता. चेंडू गेला की ढिगात बुडायचा, मग खेळ थांबवून अकराजण सरकी उपसायचे. खानसाब याच ढिगावर अंग टाकायचा सराव करायचे. डावीकडं झेप, उजवीकडं झेप, उठून परत झेप. सरकीचे दाणे घामाला चिकटून अंगभर बसायचे. "खानसाब, म्हशी मागं लागतील," असं कोणी म्हटलं की म्हणायचे, "लगने दो. दूध तो मिलेगा."

दिलावरखान त्यांचं नाव. निजामाच्या फौजेत शिपाई होते. फौज मोडली तेव्हा एक पत्र्याची ट्रंक, एक कांबळं आणि एक बुटांची जोडी घेऊन शहागंजातल्या घरी परत आले. पलटणीत फुटबॉल खेळलेला आमच्यात तो एकच माणूस. बाकीच्यांना त्यांनी शिकवलं. इतिहासात मी 'प्रशिक्षक' म्हणून शेठजींच्या मेहुण्यांचं नाव दिलंय. त्यांनी आयुष्यात एकदाच चेंडूला पाय लावला, तोही चुकून, आणि मग दोन दिवस रजेवर होते.

सेंटर फॉरवर्ड पाचोडचा. भाऊराव. गावाकडं चांगली जमीन, तालमीतलं शरीर, पायात काहीही घालायला नकार. "चामड्यात पाय घातला की मला दिसंनासं होतं," म्हणायचा. पळायचा मात्र मोकाट सुटलेल्या गोऱ्ह्यासारखा. त्याची एकच खोड, चेंडू कुणाला द्यायचा नाही.

खानसाब गोलमधून ओरडायचे, "भाऊराव, पास दे! पास!"

"आत्ता कशाला देऊ? मोकळा झालो की देतो."

"मोकळा कब होगा?"

"गोल झाल्यावर."

पाचोडच्या बाजाराचा दिवस असला की भाऊराव सामन्यालाच यायचा नाही. मग शेठजींची जीप पाठवून त्याला बैलबाजारातून उचलून आणावं लागे. एकदा तो सौदा अर्धवट सोडून आला आणि पूर्ण सामनाभर, चेंडू पायात असताना सुद्धा, त्या खिल्लारी गोऱ्ह्याबद्दल बोलत होता. दोन गोल केले. खानसाब म्हणाले, "इसको रोज एक बैल दिखाओ."

बाकीचे नऊ कुठले कुठले. हिमरू विणणाऱ्या घरातले, पानाच्या दुकानावरचे, रेल्वेच्या चाळीतले, वैजापूरकडचे दोन सख्खे चुलतभाऊ, जे एकमेकांशी बोलत नसत पण एकमेकांना पास अचूक देत. मैदानावर 'इधर डाल', 'दे की रं' आणि 'मार की' यांचा असा काला चालायचा, की समोरच्या संघाला आमचा डाव कधी कळला नाही. आम्हालाही नाही. गावानं आमचं नाव 'सरकी क्लब' पाडलं. शेठजींना ते आवडत नसे, पण पाटीवरचं लांबलचक नाव त्यांनाही पाठ नव्हतं.

त्या वर्षी आम्ही अंतिम सामन्यापर्यंत गेलो आणि खानसाबांनी तिथपर्यंत एकही गोल होऊ दिला नव्हता. एकही नाही. समोर जालना. तेच पाया पडणारे अकरा.

आमखास मैदान माणसांनी भरून गेलं होतं. पौषातली दुपार, ऊन अंगाला गोड लागत होतं. दोन्ही संघांनी एकेक लाइन्समन द्यायचा असा रिवाज. आमच्याकडून मी. हातात शेठजींच्या जुन्या पिवळ्या फेट्याचं फाडून केलेलं निशाण. माझं काम एवढंच, की समोरचा गडी नियमापेक्षा पुढं जाऊन उभा राहिला, म्हणजे ऑफसाइड झाला, की निशाण वर करायचं. त्यासाठी डोळे लागतात आणि एक हात लागतो.

मैदानाच्या कडेला, माझ्या अगदी मागं, पाचोडहून भाऊरावाची भावकी आली होती. सामना बघायला येतानाही ही माणसं रिकाम्या हातानं कशी येतील? ज्वारीच्या कणसांचा भारा आणला होता. खड्डा करून त्यांनी आगटी पेटवली, कणसं भाजली, आणि तो वास सुटला. ज्यानं कधी खाल्लाय त्याला सांगायला नको. मी पाठ फिरवली नाही. ईश्वरसाक्ष फिरवली नाही. पण भाऊरावाच्या चुलत्यांनी मागून हाक मारली, "घ्या की कारकूनसाहेब, गरम हाय तवर. निवला की मजा गेली." आणि कणीस हातावर ठेवलं.

आता गरम हुरड्याचं असं आहे, की तो एका हातानं खाताच येत नाही. कणीस दोन्ही तळव्यांत धरून चोळावं लागतं, चटके सोसत, भराभर, मग फुंकर मारून फोल उडवायचं. मधे थांबलं तर हात पोळतात, हात उघडले तर दाणे सांडतात. शिवाय पाहुणचार. पाचोडच्या माणसांनी हातावर ठेवलेलं खाली टाकायचं म्हणजे त्यांच्या रानाला नाव ठेवल्यासारखं. मी निशाण काखेत दाबलं आणि चोळू लागलो.

तेवढ्यात जालन्याचा फॉरवर्ड आमच्या बॅकांना चार पावलं मागं टाकून उभा असताना चेंडू त्याच्याकडं आला. मी पाहिलं. स्पष्ट पाहिलं. खानसाबांनीही पाहिलं. त्यांनी उजवा हात उंच केला आणि माझ्याकडं बघितलं. ऑफसाइड! मुनशी, निशाण! माझे दोन्ही हात दाण्यांनी भरलेले. मी उचलली ती फक्त भुवई. त्या गड्यानं चेंडू सरळ आत ढकलला. पंचानं माझ्याकडं पाहिलं, निशाण दिसेना, शिट्टी वाजवली. गोल.

आणि त्याच क्षणी, माझ्या पाठीमागं आगटीच्या पलीकडं, नवे कलेक्टरसाहेब जीपमधून उतरत होते आणि शेठजी मैदानाकडं पाठ करून त्यांचं स्वागत करत होते.

आम्ही त्या एका गोलनं हरलो. शेठजींनी सगळ्यांना गुलमंडीच्या हॉटेलात बोलावलं. चहा आला, कोणी हात लावेना. शेठजी म्हणाले, "गोल कसा झाला एवढंच सांगा. ज्याच्यामुळं झाला, त्याचं नाव उद्यापासून हजेरीत नको. नाहीतर क्लबच नको." खानसाब अजून आले नव्हते, मैदानावरच बसून होते. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण गोल झाला तेव्हा कडेला सगळ्यात जवळ मीच होतो. माझ्या दातांत तेव्हाही एक दाणा अडकलेला होता.

मी म्हणालो, "काय सांगू शेठजी. कलेक्टरसाहेब उतरले. खानसाब पडले जुने शिपाई. सरकारी जीप दिसली की हात आपोआप वर जातो. सलाम ठोकला, आणि चेंडू बाजूनं गेला."

शेठजींच्या पोटातून असं हसू निघालं, की कपबशा वाजल्या. टीम हसली. हॉटेलवाला हसला. शेठजी डोळे पुसत म्हणाले, "अरे, निजामाचा शिपाई आपल्या कलेक्टरला सलाम करतो, त्यात गोल जातो! जाऊ दे गोल!" क्लब वाचला. हजेरीत सगळ्यांची नावं राहिली. मी थंड झालेला चहा पिऊन टाकला.

दुसऱ्या दिवसापर्यंत ही गोष्ट पैठण गेटपासून रेल्वे स्टेशनपर्यंत पोचली. पुढच्या हंगामात खानसाब गोलमध्ये उभे राहिले की कडेची माणसं उभी राहून सलाम करायची. "खानसाब, साहब आए!" चेंडू येत असताना ओरडायची. चार सामने त्यांनी सोसलं. पाचव्याला आले नाहीत. शहागंजात सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं. क्लबच्या चेंडूचं पंक्चर मात्र ते दुकानात बसत होते तोवर काढून देत राहिले, आणि चेंडू घेऊन मी कधी गेलो नाही, दुसऱ्या कुणाला पाठवत राहिलो. पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेत मीच इतिहास लिहिला: 'कर्तव्यदक्ष सैनिकाचा तो बाणेदार सलाम क्लबच्या स्मृतीत सुवर्णाक्षरांनी कोरला गेला.' सुवर्णाक्षरं लिहिताना माझा हात जरासुद्धा अडला नाही. लेखकाला एवढं निर्लज्ज व्हायला फार सराव लागत नाही.

विशालचा फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी रिक्षा करून शहागंजात गेलो. दुकान आता मुलगा चालवतो. खानसाब मागच्या अंगणात उन्हात बाज टाकून बसले होते. छाती आत गेलीय, पण पंजे तेच. त्या पंज्यांत चहाची बशी बाहुलीच्या भांड्यासारखी दिसत होती.

"आओ मुनशी," ते म्हणाले. "कौन मरा?"

"कोणी नाही."

"फिर कैसे आए?"

मी सगळं सांगितलं. हुरडा, काख, हॉटेल, शेठजी. सांगताना मला वाटत होतं, आता ही बशी माझ्या डोक्यात बसणार. ते शांतपणे चहा प्याले.

"मेरेकू मालूम है. तुम्हारे दोनों हाथ भरे थे. मैं गोल में था, अंधा नहीं था."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"किसकू बोलता? वो ज़माना याद करो मुनशी. निज़ाम का सिपाही बोले तो लोगाँ कैसे देखते थे. ऊपर से मैं कहता, गाँव के लोगाँ का हुरडा खाने से गोल हुआ?" ते हसले. "लोगाँ मेरेकू देख के हँसते थे. अच्छा हुआ. हँसनेवाला पत्थर नहीं उठाता."

मग मी कार्यक्रमाचं सांगितलं, विशालची कल्पना सांगितली, आणि तिथूनच विशालला फोन लावला. म्हटलं, सलाम रद्द, तो खोटा होता, खरं काय ते लिहून देतो.

"मग स्टेजवर काय करू, काका?"

"हार घाल आणि गप्प बस."

फोन ठेवला. मला हलकं वाटत होतं. वाटलं, संपलं. पण खानसाब माझ्याकडं बघतच होते.

"सलाम का छोड़ो," ते म्हणाले. "पेनल्टी का क्या लिखा तुमने?"

मी फोन खिशात सरकवला.

"पोती ने पढ़ के सुनाया मेरेकू. तुम्हारी किताब में लिखा है, जालनेवालों की पेनल्टी खंभे को लगी."

उत्तरार्धात जालन्याला पेनल्टी मिळाली होती. ती खांबाला लागली नव्हती. मला ते पक्कं आठवत होतं. म्हणूनच तर मी ती खांबावर मारली. पेनल्टी अडवणारा गोलकीपर जीप बघून सलाम ठोकत बसेल, हे शेंबड्या पोरालाही पटलं नसतं. माझी गोष्ट टिकायची तर त्यांची झेप जायला हवी होती. गोल माझ्या चुकीनं झाला, पण ही झेप मी जाणूनबुजून चोरली.

खानसाब बाजेवरून उठले. सून धावत आली, "अब्बा, क्या कर रहे?" त्यांनी तिला हातानं थांबवलं. बाज हा एक खांब, पाण्याचा ड्रम दुसरा. मधे उभे राहिले, गुडघ्यात वाकले, जेवढं वाकता आलं तेवढं.

"उन्ने उधर देखा और इधर मारा. मैं उधर गिरने लगा था. फिर पलटा." ते हळूहळू, सगळं अंग सांभाळत, डावीकडं कलले आणि पंजा उघडला. "उँगलियों को लगी. इतनी-सी. पर लगी."

सुनेनं त्यांना धरून परत बसवलं. त्यांना दम लागला होता. "लिखो," ते म्हणाले. "अभी लिखो. और मराठी में नको, वो पोती से पढ़वाना पड़ता है. उर्दू में लिखो, तुम भी तो उसी मदरसे में पढ़े."

शाळेत आमचं सगळं शिक्षण उर्दूत झालं होतं, पण पन्नास वर्षांत त्या लिपीत मी स्वतःचं नावसुद्धा लिहिलं नव्हतं. नातीच्या वहीचं पान मिळालं. उजवीकडून सुरुवात करायची हे हाताला आठवलं, बाकी अक्षरं एकेक शोधून काढावी लागली. एका ओळीला पाव तास गेला. त्या अंतिम सामन्यात जालन्याची पेनल्टी दिलावरखान यांनी हातानं अडवली, एवढंच.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. ओठ हलवत वाचला. मग बोट ठेवलं आणि कागद माझ्याकडं परत केला.

"कौन से हाथ से?"

'डाव्या' राहिलं होतं. ते मी दोन शब्दांच्या मधे, वर, बारीक अक्षरांत घातलं आणि खाली सही केली.